39 टक्के आणि 40 टक्के: दिव्यांगांच्या सरकारी पैशाचं गणित

दिव्यांगत्वाचा जितका टक्का जास्त, तितके सरकारी पैसे जास्त, असा समज जवळपास प्रत्येकाचा असतो. म्हणून सिव्हिल हॉस्पिटलच्या वैद्यकीय बोर्डासमोर बसलेला माणूस एकेका टक्क्यासाठी जीव टांगणीला लावतो. 52 ऐवजी 58 लिहून मिळाले तर त्याला काहीतरी कमावल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात महाराष्ट्रात 42 टक्के असलेल्याला आणि 78 टक्के असलेल्याला तहसील कार्यालयातून महिन्याला एकच रक्कम येते. 39 टक्के असलेल्याला काहीच येत नाही.

सरकारी मदत उतारासारखी हळूहळू वाढत नाही, ती जिन्यासारखी आहे. दोन पायऱ्यांच्या मध्ये कुठेही उभे असा, उंची तीच. त्यामुळे आपला टक्का किती हा प्रश्न अर्धाच आहे. पुढची पायरी कुठे आहे आणि ती टक्क्याची आहे, उत्पन्नाची आहे की वयाची, हे कळलं की उरलेला हिशोब घरबसल्या करता येतो. एजंटला दोन-पाच हजार देऊन तो जे ‘बघतो’ म्हणतो, ते बहुतेक वेळा एवढंच असतं.

टक्का येतो कुठून

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले. त्याआधीच्या 1995 च्या कायद्यात ते सातच होते. थॅलेसेमिया, सिकलसेल, पार्किन्सन्स, ॲसिड हल्ल्यातले पीडित, अध्ययन अक्षमता हे सगळं नव्या यादीत आलं. पण यादीत नाव असणं वेगळं आणि लाभ मिळणं वेगळं. बहुतेक लाभांना किमान 40 टक्के लागतात. ही पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची पायरी.

टक्का डॉक्टरांच्या मर्जीवर ठरत नाही, निदान ठरू नये. त्यासाठी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. 2018 च्या जानेवारीत ती आली आणि 2024 च्या मार्चमध्ये त्यांची सुधारित आवृत्ती निघाली. प्रत्येक प्रकाराला त्यात तक्ते आणि सूत्रं दिली आहेत. काही निकाल सामान्य माणसाला पटत नाहीत, म्हणून ते आधीच माहीत असलेले बरे.

डोळ्याचं घ्या. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा ठणठणीत असेल तर तक्ता सांगतो 30 टक्के. म्हणजे पायरीच्या खाली. बोर्डाने अन्याय केला असं म्हणत माणसं वर्षानुवर्षं तहसील आणि सिव्हिलच्या मध्ये हेलपाटे घालतात, पण बोर्डाच्या हातात इथे काही नसतं. तक्ता चांगल्या डोळ्याकडे बघतो. तो 6/18 च्या (म्हणजे निरोगी नजरेला अठरा मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरूनच दिसणं) पलीकडे अधू झाला की मग आकडा 40 च्या घरात जातो.

कानाचं तसंच. चांगल्या कानाचा टक्का पाचने गुणायचा, त्यात वाईट कानाचा टक्का मिळवायचा आणि बेरजेला सहाने भागायचं. एक कान ठार बहिरा म्हणजे 100 आणि दुसरा अगदी नीट म्हणजे शून्य, तर उत्तर 16.7. पण चांगला समजला जाणारा कानही 40 टक्क्यांनी गेला असेल तर पाच चोक वीस, म्हणजे 200 अधिक 100, भागिले सहा, बरोबर 50. म्हणून तपासणीला जाताना ‘माझा डावा कान गेलाय’ एवढंच सांगून चालत नाही. दोन्ही कानांची ऑडिओमेट्री (श्रवणचाचणी) नीट, पुरेसा वेळ घेऊन झाली पाहिजे.

बौद्धिक अक्षमतेत पायऱ्या आणखी ठसठशीत आहेत. सौम्य 50 टक्के, मध्यम 75, तीव्र 90 आणि अतितीव्र 100. सौम्य प्रकारालासुद्धा 50 मिळतात, त्यामुळे इथे 40 चा प्रश्न येत नाही. सीमारेषेवरच्या मुलांना मात्र 25 मिळतात आणि ती बाहेर राहतात. शाळेत मागे पडणाऱ्या अशा मुलांच्या पालकांची जी ओढाताण होते, तिच्यावर या तक्त्यात उत्तर नाही.

आता बेरजेची गोष्ट. एकाच माणसाला दोन व्यंगं असतील तर टक्के सरळ मिळवत नाहीत. मोठा आकडा ‘अ’, लहान आकडा ‘ब’. सूत्र असं: अ + ब × (90 − अ) ÷ 90. पायाचं 30 टक्के आणि कानाचं 20 टक्के असेल तर 30 अधिक 20 गुणिले 60 भागिले 90, म्हणजे 30 अधिक 13.3. झाले 43. पायरी चढली. पण 25 आणि 15 असतील तर घरी बेरीज 40 होते आणि बोर्डावर 36 च भरतात, कारण 15 चे सूत्रातून 11 च्या आत उरतात. वरच्या टोकाला हे आणखी कंजूष होतं. 70 टक्के असलेल्या माणसाला 80 वर जायला दुसरं व्यंग तब्बल 45 टक्क्यांचं लागतं.

तरीही दुसरं व्यंग तपासून घ्यायचं राहून जातं, हे वारंवार दिसतं. पोलिओने पाय गेलेला माणूस पन्नाशीत ऐकायला कमी येतं म्हणून त्रासलेला असतो, पण प्रमाणपत्र वीस वर्षांपूर्वीचं, फक्त पायाचं. त्याने कान तपासून घेतला आणि 38 चे 44 झाले, तर यात लबाडी काही नाही. शरीर बदललं, कागद मागे राहिला होता. ‘जास्तीत जास्त लाभ कसा मिळवायचा’ या प्रश्नाचं माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक उत्तर हेच आहे: जे खरं आहे ते सगळं कागदावर येऊ द्या.

यूडीआयडी आणि रंगांचा खेळ

यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. त्याचा आणि प्रमाणपत्राचा अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर होतो आणि फुकट होतो. सेतूवाला किंवा सायबर कॅफेवाला फॉर्म भरायचे जे घेईल तेवढेच. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये नियम बदलले तेव्हा प्रमाणपत्र देण्याची मुदत तीन महिने झाली. त्याच नियमांनी कार्डाचे रंगही पक्के केले. 40 च्या खाली पांढरं, 40 पासून 80 च्या आतपर्यंत पिवळं, 80 आणि वर निळं. हे तीन रंग म्हणजेच जिन्याचा नकाशा. पांढऱ्या कार्डाने ओळख मिळते, दरमहाचा पैसा मिळत नाही.

कार्डावर ‘तात्पुरते’ असं लिहिलंय का ते मात्र पहिल्यांदा बघा. सुधारण्याची शक्यता असेल तर बोर्ड ठरावीक वर्षांचं प्रमाणपत्र देतं आणि त्यावर तारीख असते. ती तारीख उलटली की लाभ थांबतात, आणि थांबलेला लाभ परत सुरू करून घेणं हे नव्याने मिळवण्यापेक्षा चिकट काम आहे. मुदत संपायच्या तीन-चार महिने आधी पोर्टलवर नूतनीकरणाला टाकलेलं बरं. मोतिबिंदूसारखं जे ऑपरेशनने बरं होतं, त्यावर कायमचं प्रमाणपत्र मिळेल अशी आशाच धरू नका. बोर्ड आधी ऑपरेशन करा म्हणतं, आणि ते बरोबरच म्हणतं.

टक्का खरोखरच चुकीचा धरला गेला असं वाटत असेल तर कायद्याच्या कलम 59 खाली अपील करता येतं. भांडण डॉक्टरशी नको, तक्त्याशी करा. कोणता तक्ता लावला, कोणतं मोजमाप धरलं, कोणता रिपोर्ट बघितलाच नाही, एवढं लेखी मांडलं की अपिलाला वजन येतं. ‘मला फार त्रास होतो’ हे खरं असलं तरी त्याला सूत्रात रकाना नाही.

संजय गांधीचे पैसे

महाराष्ट्रात दिव्यांगांच्या दरमहा मदतीचा कणा म्हणजे 1980 पासून चालत आलेली संजय गांधी निराधार अनुदान योजना. गावाकडे तिला सरळ ‘पगार’ म्हणतात. पगार चालू झाला, पगार बंद पडला. हा पगार 600 रुपयांवर बरीच वर्षं अडकला होता, मग 1000 झाला, 2023 मध्ये 1500. आणि 2025 च्या सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांसाठी तो अडीच हजार केला. विधवा, परित्यक्ता आणि इतर निराधार 1500 वरच राहिले. त्या दिवसापासून एकाच योजनेत दोन दर झाले, आणि आपण कोणत्या रकान्यात बसतो याला महिन्याला हजार रुपयांची किंमत आली.

हे वाक्य पुन्हा वाचा, कारण यात खरा पैसा आहे. एखादी बाई दिव्यांगही आहे आणि विधवाही. दहा वर्षांपूर्वी तिचा अर्ज ‘विधवा’ म्हणून मंजूर झाला, तेव्हा रक्कम सारखीच असल्याने कुणी फरक केला नाही. आता तिची नोंद बदलून घेण्यात फायदा आहे. यूडीआयडी कार्ड घेऊन तहसीलच्या संजय गांधी शाखेत अर्ज द्यायचा, पोच घ्यायची.

65 वर्षांनंतर संजय गांधी संपते आणि माणूस श्रावणबाळ योजनेत जातो. अडीच हजारांचा दर तिथल्या दिव्यांगांनाही लागू आहे. पण श्रावणबाळमध्ये लोक वयामुळे आलेले असतात, दिव्यांग म्हणून नाही. सत्तरीची आजी, दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, काचबिंदूने नजर गेलेली, आणि खात्यात 1500. घरातले म्हणतात म्हातारपण आहे, त्याचं काय सर्टिफिकेट काढायचं. काढायचं. कायद्यात दिव्यांगत्व कोणत्या वयात आलं याला अट नाही.

आता अटी. वय 18 ते 65, महाराष्ट्रात किमान 15 वर्षांचं वास्तव्य, 40 टक्के, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दिव्यांगांसाठी 50,000 च्या आत. इतरांसाठी ही मर्यादा 21,000 आहे, म्हणजे दिव्यांगांना त्यातल्या त्यात सूट दिलीय असं म्हणायचं. पण 50,000 म्हणजे महिन्याला 4,167 रुपये, अख्ख्या घराचे. 2025-26 मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. घरातल्या एकाने वर्षात 161 दिवस त्या मजुरीने काम केलं तरी मर्यादा ओलांडते. घरात एक धडधाकट कमावता माणूस असेल आणि उत्पन्नाचा दाखला खरा असेल, तर बहुतेक घरं या अटीतून बाहेर पडतात. म्हणून दाखले ‘बसवले’ जातात, हे तहसीलच्या आवारातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मला विचाराल तर या योजनेतली खरी दुरुस्ती रकमेपेक्षा या अटीत हवी.

पण अट आहे तोवर तिच्याशी खेळू नका. उत्पन्नाचा दाखला खोटा निघाला तर वसुली लाभार्थ्याकडून होते, दाखला ‘करून देणाऱ्या’ एजंटाकडून नाही. आणि दिव्यांगांसाठीचा लाभ फसवणुकीने घेतला तर 2016 च्या कायद्याच्या कलम 91 खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रमाणपत्रांची फेरपडताळणी अलीकडे वाढली आहे, विशेषतः दिव्यांग कोट्यातून नोकरीला लागलेल्यांची.

केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनाही आहे. तिला 80 टक्के आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागतं. केंद्राचा वाटा महिन्याला 300 रुपये, 80 वर्षांनंतर 500. हे 300 रुपये 2012 पासून हललेले नाहीत. आपल्याकडे त्यात राज्य आपली रक्कम घालतं, त्यामुळे हे पैसे संजय गांधीच्या वर वेगळे मिळतील असं समजू नका.

लाडकी बहीण की संजय गांधी

हा प्रश्न 2024 पासून रोज विचारला जातो. उत्तर नियमातच आहे. दुसऱ्या सरकारी योजनेतून 1500 किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण मिळत नाही. म्हणजे जी दिव्यांग बहीण संजय गांधीत बसते तिने अडीच हजार सोडून दीड हजाराच्या मागे जाण्यात अर्थ नाही. दोन्हीकडे अर्ज टाकून ‘जे लागेल ते’ असं करणाऱ्यांचे दोन्ही अडकलेले आहेत.

गंमत वेगळ्या ठिकाणी आहे. लाडकी बहिणीची उत्पन्न मर्यादा अडीच लाख आहे, संजय गांधीची 50,000. ज्या दिव्यांग बाईच्या घराचं उत्पन्न या दोन्हींच्या मध्ये आहे, तिला दिव्यांग म्हणून काही नाही पण बाई म्हणून 1500 मिळू शकतात, बाकीच्या अटी पाळल्या तर. अशा घरांत कितीतरी बायका ‘आपण अपंगांच्या योजनेत नापास झालो’ म्हणून दुसरा अर्ज करतच नाहीत. तिच्या दिव्यांग भावाला मात्र या मधल्या पट्ट्यात दरमहा काहीच नाही.

ग्रामपंचायत आणि महापालिका

तहसीलच्या पैशाबद्दल सगळे बोलतात, पण स्थानिक संस्थेच्या पाच टक्क्यांबद्दल फार कमी. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका, सगळ्यांनी स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. पूर्वी हे प्रमाण 3 टक्के होतं. इथे महत्त्वाचं असं की ही रक्कम गावाच्या करवसुलीवर अवलंबून आहे. एमआयडीसीच्या कडेची ग्रामपंचायत आणि डोंगरातली ग्रामपंचायत यांच्या पाच टक्क्यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. काही गावांत वर्षाला एकदा दोन-चार हजार खात्यात जमा होतात, काही ठिकाणी पीठगिरणी किंवा शिलाई मशीन देतात, काही ठिकाणी ग्रामसभेत कुणी विचारत नाही म्हणून पैसे तसेच पडून राहतात. गावातल्या दिव्यांगांची ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत नोंद असावी लागते. ती आहे का, हे विचारायला यूडीआयडीची झेरॉक्स घेऊन जायचं. तेही मार्च जवळ यायच्या कितीतरी आधी.

मुंबईत राहणाऱ्यांसाठी गणित वेगळंच आहे. मुंबई महापालिकेची धर्मवीर आनंद दिघे यांच्या नावाची अर्थसहाय्य योजना आहे. पिवळ्या कार्डाला महिन्याला 1000, निळ्याला 3000, आणि पैसे सहा महिन्यांचे एकदम. इथे 79 आणि 80 मधला एक टक्का वर्षाला 24,000 रुपयांचा आहे. वर दुसऱ्या व्यंगाचं सूत्र एवढं लांबवून सांगितलं ते यासाठीच. 76 टक्के असलेल्या मुंबईकराने आपल्या कार्डात काही सुटलंय का हे बघून घेणं त्याच्या फायद्याचं आहे. तेच 76 टक्के बीडच्या माणसाला असतील तर दरमहाच्या पैशात काही बदलणार नाही.

प्रवासातली पायरी: 65

एसटीत 40 टक्क्यांवर दिव्यांगाला 75 टक्के सवलत. 65 टक्क्यांवर सोबतच्या माणसालाही निम्मं तिकीट. रेल्वेत टक्क्यापेक्षा प्रकार बघतात. पूर्ण अंध, बौद्धिक अक्षम, सोबतीशिवाय प्रवास न करू शकणारे अस्थिव्यंग यांना स्लीपरमध्ये, थर्ड एसीत 75 टक्के सूट, फर्स्ट आणि सेकंड एसीत 50, आणि सोबत्यालाही तीच. मूकबधिरांना 50. रेल्वेचं सवलतीचं ओळखपत्र वेगळं काढावं लागतं.

साधनांसाठी केंद्राची एडिप योजना आहे: तीनचाकी, कुबड्या, श्रवणयंत्र. महिन्याचं उत्पन्न 22,500 पर्यंत असेल तर साधन फुकट, 30,000 पर्यंत निम्म्या किमतीत. बघा, इथे वर्षाला 2,70,000 कमावणारा पात्र आहे आणि तहसीलात 51,000 वाला अपात्र. एका दारावर नाकारलं म्हणून दुसरं दार बंद आहे असं कधीच धरू नये.

पगारदारांचं वेगळं

कर भरणाऱ्या दिव्यांगाला 1961 च्या आयकर कायद्यात कलम 80यू खाली 40 टक्क्यांवर 75,000 आणि 80 टक्क्यांवर 1,25,000 ची वजावट होती. दिव्यांग अवलंबून असेल तर तेवढीच वजावट कमावत्या माणसाला 80डीडी खाली. खर्च किती झाला याच्याशी रकमेचा संबंध नाही. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आहे, त्यात कलमांचे आकडे बदलले, तेव्हा सीएला कलमाने नाही, कामाने विचारा. एकाच व्यक्तीसाठी दोन्ही वजावटी मिळत नाहीत. म्हणजे मुलगा स्वतः 80यू घेत असेल तर बापाला त्याच्यासाठी 80डीडी नाही. दोघांपैकी जो वरच्या स्लॅबमध्ये आहे त्याने घेण्यात फायदा. पण मुलाचं स्वतःचं उत्पन्न असेल तर तो खरोखर बापावर अवलंबून आहे का, हा प्रश्न आधी सुटला पाहिजे.

आणि मुख्य म्हणजे ही वजावट जुन्या करप्रणालीतच आहे. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सव्वा लाखाची वजावट सेससकट 39,000 रुपये वाचवते, हे ऐकायला छान आहे. पण 2025-26 पासून नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंत करच लागत नाही. ज्याचा पगार त्याच्या आत आहे त्याने फक्त दिव्यांग वजावटीच्या मोहाने जुन्या प्रणालीत राहणं म्हणजे तोटाच. नव्या प्रणालीतही एक गोष्ट टिकली आहे: अंध, मूकबधिर आणि अस्थिव्यंग कर्मचाऱ्याचा वाहतूक भत्ता ठरावीक मर्यादेपर्यंत करमुक्त. त्याशिवाय महाराष्ट्रात 40 टक्क्यांवर व्यवसायकर माफ आहे. वर्षाला अडीच हजार, न मागता कापले जातात आणि अकाउंट्सला कुणी प्रमाणपत्र दिलं नाही म्हणून कापलेच जात राहतात.

सगळ्यात मोठी रक्कम बहुतेकांना माहीत नसते

आई किंवा वडील सरकारी नोकरीत असतील आणि मूल दिव्यांगत्वामुळे कमावू शकत नसेल, तर आईवडिलांच्या पश्चात त्या मुलाला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. पंचविशीची अट त्याला नाही. केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी ही रक्कम साधारण शेवटच्या मूळ पगाराच्या 30 टक्के, अधिक महागाई. शेवटचा मूळ पगार 60,000 असेल तर 18,000, आणि वर महागाई. अडीच हजारांशी तुलना करून बघा.

2021 पर्यंत त्या मुलाचं स्वतःचं उत्पन्न 9,000 रुपये आणि महागाईच्या वर गेलं की हे पेन्शन जायचं. आता जितकं कुटुंब निवृत्तिवेतन मिळणार, त्यापेक्षा उत्पन्न कमी असलं की पुरतं. राज्य कर्मचाऱ्यांच्या 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांतही दिव्यांग अपत्याची तरतूद आहे. खासगी नोकरीवाल्यांच्या ईपीएस-95 मध्येही (भविष्य निर्वाह निधीसोबतची पेन्शन योजना) पूर्ण आणि कायमचं दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाची मर्यादा नाही, रक्कम मात्र तिथे फारच थोडी.

अडचण येते ती नंतर. वडील गेले, आई गेली, मग भाऊ-बहीण कागद गोळा करायला लागतात. दिव्यांगत्व आईवडिलांच्या हयातीतलं आहे हे सिद्ध करा म्हणतात आणि प्रमाणपत्रावर तारीख कालची. म्हणून पेन्शनर जिवंत असतानाच मुलाचं नाव कार्यालयाच्या नोंदीत आणि जमलं तर पेन्शनच्या आदेशात चढवून घ्यावं. मतिमंदत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालकत्वही घेता येतं, म्हणजे पुढे बँकेत खातं चालवायला अडत नाही.

कामावर अपघात झाला असेल तर

इथे जिना नाही, सरळ उतार आहे. कामावर इजा झालेल्या कामगाराची भरपाई टक्क्याच्या प्रमाणातच वाढते, त्यामुळे इथे एकेक टक्का मोलाचा. 1923 च्या भरपाई कायद्याचं सूत्र असं: महिन्याच्या पगाराचे 60 टक्के, गुणिले वयाचा गुणांक, गुणिले कमाईची क्षमता किती टक्क्यांनी गेली. पगार कितीही असला तरी धरायचा 15,000 पर्यंतच. तिशीच्या माणसाचा गुणांक 207.98. पगार 15,000 आणि अंगठा गेला तर परिशिष्ट सांगतं 30 टक्के. 9,000 गुणिले 207.98 म्हणजे 18,71,820, त्याचे 30 टक्के 5,61,546 रुपये. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे, सूत्राची घडण तीच.

आणि मघाचा तो एक डोळा. भरपाईच्या परिशिष्टात डोळाच गेला आणि दुसरा नीट असेल तर 40 टक्के. यूडीआयडीच्या तक्त्यात 30. दोन्ही बरोबर आहेत, कारण एक कमाईची क्षमता मोजतो आणि दुसरा शरीराची. म्हणून यूडीआयडीवरचा आकडा मालकाने किंवा विमा कंपनीने भरपाईसाठी पुढे केला तर तो तसाच मान्य करू नका. ज्या कामगाराला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू आहे त्याची भरपाई ईएसआयकडून येते, मालकाकडून वेगळी नाही, आणि तिथे कमाईची क्षमता ठरवायला त्यांचं स्वतःचं वैद्यकीय मंडळ असतं.

पगार बंद पडला तर

बहुतेक वेळा कारण किरकोळ असतं. पैसे आता आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जातात. घरातल्या कुणी नवं खातं उघडलं आणि आधार तिकडे जोडलं गेलं की पैसे तिकडे जातात, आणि जुन्या पासबुकात भरलेले दिसत नाहीत म्हणून माणूस तहसीलला जातो. आधी बँकेत आधार कुठल्या खात्याला लागलंय ते बघा. मग वर्षाचा हयातीचा दाखला दिलाय का. मग उत्पन्नाचा दाखला जुना झालाय का. मग आधारवरचं नाव आणि यूडीआयडीवरचं नाव एकच आहे का. ‘बाळू’ आणि ‘बाळासाहेब’ यात अडकलेले कितीतरी पगार आहेत. हे चारही ठीक असतील तरच संजय गांधी शाखेत लेखी अर्ज द्या, आणि पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका.